‘नाही’ म्हणायचं तर कारण द्या

इथे नेदरलँड्समध्ये आमच्या टीममधल्या एका सहकाऱ्यानं मॅनेजरला लेखी कळवलं, की दोन महिन्यांनंतर तो आठवड्याला ४० ऐवजी ३२ तास काम करणार. शुक्रवार त्याला मुलीसाठी हवाय. मॅनेजरनं विचारलं ते इतकंच, की शुक्रवारची कामं कोणाकडे द्यायची. मी हादरलेच. आजारपण नाही, घरात अडचण नाही, आणि तरी कुणाच्या कपाळावर आठी नाही!

मग इथला कामाच्या तासांचा कायदा वाचून काढला. तास बदलून मागायचा हक्क इथे २००० सालापासून आहे, २०१६ च्या कायद्यानं तो आणखी सोपा झाला. दहा किंवा अधिक माणसांच्या कंपनीत २६ आठवडे नोकरी झालेली असली की पुरे. अर्ज दोन महिने आधी द्यायचा. नकार द्यायचा असेल तर धंद्याची गंभीर अडचण मालकानं दाखवायची. आपण का मागतोय, हे सांगायची सक्ती आपल्यावर नाही. आणि बदलाच्या तारखेला महिना उरला तरी उत्तर आलं नाही, तर मागितलेले तास आपोआप लागू! आपल्याकडे साहेबांच्या टेबलावर पडून राहिलेला अर्ज म्हणजे नकार. इथे तो होकार ठरतो. हे कलम मी घरच्यांना फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

पगार मात्र तासांच्या प्रमाणात कापला जातो, पुढे पेन्शनही. बहुसंख्य नोकरदार डच बायका अर्धवेळ काम करतात, त्यामुळे ही झळ त्यांनाच जास्त बसते. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी पूर्ण पगारात चार दिवसांच्या आठवड्याचा प्रयोग केला, तो वेगळा.

इथली माणसं आठवड्याला सरासरी ३२ तासांच्या आसपास काम करतात, युरोपीय संघात सर्वांत कमी. पण हे कुणाच्या चांगुलपणातून आलेलं नाही. १९८२ साली बेकारी वाढलेली असताना वासेनार इथे कामगार संघटनांनी पगारवाढ आवरती घेतली आणि बदल्यात कमी तास पदरात पाडून घेतले. आपल्याकडे मात्र नारायण मूर्ती तरुणांना ७० तास काम करायला सांगतात, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. तरीही आपली माणसं मागासलेली आहेत म्हणून राबतात, असं इथे कुणी सुचवलं की मला राग येतो. आमच्या ऑफिसचा शुक्रवार निवांत जातो तो भारतातली टीम कामावर असते म्हणून, हे मी मीटिंगमध्ये स्पष्ट बोलून दाखवलंय.

आता एआयमुळे आमचं बरंचसं कोडिंग लवकर उरकतं. वाचलेले तास कोणाच्या वाट्याला जाणार? इथल्या माणसाकडे ते मागून घ्यायचा कायदा तरी आहे. आपल्याकडे तोच वेळ नव्या टार्गेटमध्ये जाईल, अशी मला भीती वाटते.

मी स्वतः अजून पाच दिवस काम करते. कुशल स्थलांतरितांच्या परवान्याला किमान पगाराची अट आहे. २०२५ मध्ये तिशीपुढच्यांसाठी ती महिना ५,६८८ युरो होती, आणि तास कमी केले म्हणून ती कमी होत नाही. शिवाय मला काम आवडतं, हेही खरंच. डच भाषेची परीक्षा देऊन कायमचा परवाना मिळाला, की मी बुधवार मागणार आहे.