पहिला नंबर ठेवावा की विकावा?

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आठवतं, पाटाकडील विरुद्ध शिवाजी आठवतं, हलगी आठवते. शिकागोच्या उपनगरात राहायला आलो तेव्हा शेजारच्या म्हातारबांनी "रविवारी फुटबॉल बघायला ये" म्हणून बोलावलं. हौसेनं गेलो. बघतो तर चेंडू लांबुळका, आणि तोही हातात! पाय बहुतेक पळण्यापुरतेच. तो घोळ डोक्यात बसायला मला दोन हंगाम लागले. पण आज लिहायचंय ते मैदानाबाहेरच्या खेळाबद्दल. खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो.

आयपीएलमध्ये लिलाव असतो, पैसा फेकायचा आणि खेळाडू उचलायचा. इथं एनएफएलमध्ये, म्हणजे या फुटबॉलच्या लीगमध्ये, कॉलेजातून येणारी पोरं ३२ संघ रांगेनं निवडतात, सात फेऱ्यांत. त्याला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या हंगामात जो तळाला, तो रांगेत पहिला. गंमत अशी की रांगेतली ही जागा विकता येते. वरचा नंबर द्यायचा, बदल्यात खालचे दोन-चार घ्यायचे. हे झालं ट्रेड डाउन.

८ जानेवारी २०२३. हंगामाचा शेवटचा रविवार. आमचे शिकागो बेअर्स मिनेसोटाकडून २९-१३ असे मार खात होते, ओळीनं दहावी हार, आणि म्हातारबा खुशीत! कारण टीव्हीवर एक मॅच आणि मांडीवरच्या फोनवर दुसरी. तिकडे ह्यूस्टनचा संघ इंडियानापोलिसशी खेळत होता. ह्यूस्टन हरला तर पहिला नंबर त्यांचा, जिंकला तर आमचा. मिनिटभराचा खेळ उरलेला, ह्यूस्टनचा शेवटचा प्रयत्न, आणि हवे होते वीस यार्ड. म्हणजे संपल्यात जमा. पोरानं चेंडू उंच फेकला आणि गर्दीतनं एकानं तो झेलला. वर दोन गुण घेऊन ह्यूस्टन ३२-३१ असा जिंकला. त्यांचा प्रशिक्षक होता लव्ही स्मिथ, ज्यानं एके काळी बेअर्सना सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. नकळत त्यानं आम्हाला पहिला नंबर मिळवून दिला आणि त्याच रात्री त्याची नोकरी गेली. म्हातारबा म्हणाले, "बघ, भला माणूस जाता जाताही आमचंच काम करून गेला."

मग दोन महिने आमच्या दोघांचा एकच विषय. नंबर ठेवायचा की विकायचा?

मी विकणाऱ्यांच्या बाजूचा. कारण माझ्या डोक्यात लिलाव भिशी. वीस जण, महिन्याला पाच-पाच हजार, जमले एक लाख. ज्याला घाई, तो ऐंशी हजारांतच उचलतो, आणि सोडलेले वीस हजार बाकीच्यांत वाटले जातात. आमच्या घरी आई नेहमी शेवटपर्यंत थांबायची. इथंही तेच चालतं. पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा नंबर बाजारात साधारण यंदाच्या दुसऱ्या फेरीच्या भावानं जातो. एक वर्ष थांबलात की फेरीभराचा फायदा! एवढं व्याज सावकारसुद्धा लाजून मागेल. घाई कायम दुसऱ्याला असते, कारण हरणाऱ्या प्रशिक्षकाला पुढचं वर्ष दिसेलच याची खात्री नसते.

भावाचा तक्तासुद्धा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसच्या संघानं तो करून घेतला, प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या नावानं ओळखला जातो. पहिला नंबर ३००० गुणांचा, दुसरा २६००, तिसरा २२००, नववा १३५०, ३२ वा ५९०. उतार बघा केवढा! पुढं केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी हिशोब मांडला की संघ वरच्या नंबरांना फाजील किंमत देतात. थेलर शिकागो विद्यापीठातलेच, २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांच्या अभ्यासात एक आकडा होता: निवडलेला खेळाडू त्याच जागेवर खेळणाऱ्या, त्याच्या मागोमाग निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता ५२ टक्के. म्हणजे जवळजवळ नाणेफेक. माणूस ओळखण्याची आपली अक्कल एवढीच असेल, तर एका नाण्याऐवजी चार नाणी का घेऊ नयेत?

हे सगळं मी म्हातारबांना गॅरेजमध्ये उभं राहून ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला. "क्वार्टरबॅक."

तिथं माझी बोलती बंद. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चढाईत चेंडू ज्याच्या हातात येतो तो. तो चांगला असला की बाकीचं निभावतं, नसला की चार नाणी घ्या नाहीतर चाळीस. आणि बेअर्सच्या माणसाला ही जखम फार जुनी. २०१७ मध्ये तिसरा नंबर हातात असताना आणखी तीन नंबर मोजून संघ एकच पायरी वर गेला, मिचेल ट्रुबिस्कीला घेण्यासाठी. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरावर पुढं सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स गेला, कॅन्सस सिटीला. म्हातारबांच्या खुंटीवर ट्रुबिस्कीची दहा नंबरची जर्सी अजून आहे. ती घालून ते पानं गोळा करतात.

पण २०२३ मध्ये आमच्याकडे क्वार्टरबॅक म्हणून जस्टिन फील्ड्स होता. आदल्या हंगामात त्यानं चेंडू घेऊन पळत १,१४३ यार्ड काढलेले. फेकण्यात मात्र कच्चा. नवा घ्यावा तर ह्याला टाकावं लागणार, ह्याला ठेवावं तर पहिल्या नंबराचं लोणचं घालायचं का?

१० मार्चला सौदा झाला. पहिला नंबर कॅरोलायनाला, बदल्यात नववा, ६१ वा, पुढच्या वर्षीची पहिली फेरी, त्यापुढच्या वर्षीची दुसरी फेरी आणि वर डीजे मूर नावाचा तयार खेळाडू. तक्त्यानं यंदाचे दोन नंबर मिळून १६४२ गुण होतात. उरलेलं मूर आणि उधारीवर. मी पेढे वाटायचाच बाकी होतो.

त्या हिवाळ्यात एक विचित्र सवय लागली. कॅरोलायना हरेल तेवढी आमची उधारी फुगणार, म्हणून दर रविवारी आम्ही आधी त्यांचा निकाल बघायचो. त्यांनी पहिल्या नंबरानं घेतलेला क्वार्टरबॅक ब्राइस यंग मार खात होता. पोरगं सज्जन वाटायचं, वाईट वाटायचं, पण हात टाळ्या वाजवायचेच. ३१ डिसेंबरला ते जॅक्सनव्हिलकडून २६-० असे हरले आणि पुन्हा पहिला नंबर आमचा. त्याच दुपारी आमच्या सोल्जर फील्ड स्टेडियमवर बर्फ पडत होता, बेअर्सनी अटलांटाला ३७-१७ असं झोडलं, आणि सारं स्टेडियम ओरडत होतं, "आम्हाला फील्ड्स हवा!"

म्हणजे वर्षात तोच प्रश्न पुन्हा दारात. मी पुन्हा म्हटलं, विका. भिशी अजून थांबू शकते. म्हातारबा दक्षिण इलिनॉयमधल्या मक्याच्या शेतावर वाढलेले. म्हणाले, "नुसतं बियाणंच साठवत बसलास तर पेरणार कधी?" शिवाय फील्ड्सच्या करारातली स्वस्तातली वर्षं सरत आली होती. नवा पोरगा म्हणजे चार वर्षं ठरलेल्या पगारावर. २०११ पासून नवख्यांचे पगार नंबराप्रमाणे बांधलेत, त्यामुळं हे गणित आणखी पक्कं. या वेळी मला उत्तर सुचलं नाही.

मार्चमध्ये फील्ड्स पिट्सबर्गला गेला. ज्याच्या नावानं अख्खं स्टेडियम ओरडलं होतं, त्याच्या बदल्यात आलं काय, तर सहाव्या फेरीचा एक नंबर. एप्रिलमध्ये डेट्रॉइटला ड्राफ्टमध्ये बेअर्सकडून पहिलं नाव पुकारलं गेलं नव्या क्वार्टरबॅकचं, केलेब विल्यम्सचं.

त्या रात्री मी म्हातारबांकडेच होतो. नवी जर्सी मागवायची का, मी विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली, गॅरेजमध्ये गेले आणि खुंटीवर ट्रुबिस्कीच्या शेजारी फील्ड्सची जर्सी अडकवून आले. अंगात त्यांच्या बेअर्सच्या जुन्या दिग्गजाची, वॉल्टर पेटनची होती, ३४ नंबरची, कोपरावर विरलेली.