कोणाचा मालक मोठा

एप्रिल संपत आला की दुपारचा उसाचा रस पिण्यासाठी मी जळगावातल्या घराजवळची रसवंती सोडून मुद्दाम थोड्या लांबच्या रसवंतीवर जातो, कारण तिथे निंबाची सावली आहे आणि रसवाला विचारल्याशिवाय बर्फ टाकत नाही. परवा तिथल्या बाकावर कॉलेजच्या वयाचे दोन मुलगे बसले होते. एकाच्या अंगात मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी होती, दुसऱ्याच्या अंगात मँचेस्टर सिटीची आकाशी. दोघेही त्रेचाळीस अंश उन्हातून आले होते आणि दोघांच्याही जर्सीवर घामाचे नकाशे उमटले होते. वाद फुटबॉलचा असेल असे मला वाटले. परंतु पाच-सात मिनिटे ऐकूनही एका खेळाडूचे नाव कानावर आले नाही. वाद मालकांचा होता.

"तुमचा मालक म्हणजे तेलाची विहीर आहे भो, त्यात तुमचं कर्तृत्व काय?" लाल जर्सीने विचारले. आकाशी जर्सीने उत्तर दिले की आमचा शेख निदान स्वतःच्या खिशातला पैसा लावतो; तुमच्या मालकाने तर क्लबच्याच नावावर कर्ज काढून क्लब विकत घेतला. यावर लाल जर्सी वरमेल अशी माझी अपेक्षा होती. ती फोल ठरली. "एवढं कर्ज असूनही क्लब चालतो ना? यावरून समज, क्लब केवढा मोठा आहे ते," असे म्हणून त्याने रसाचा पेला तोंडाला लावला, आणि माझ्या हातातला पेला मात्र तसाच राहिला. हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकले होते.

ज्या कर्जाविषयी ते बोलत होते त्याची हकिकत मला ठाऊक आहे, कारण निवृत्तीनंतर पुतण्याच्या नादाने मीही रात्री-बेरात्री सामने पाहू लागलो. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने 2005 साली सुमारे 79 कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेड घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा बराचसा भार क्लबवरच टाकण्यात आला. आपल्या भाषेत सांगायचे तर शेत विकत घेण्यासाठी त्याच शेताच्या सातबाऱ्यावर बोजा चढवायचा आणि पुढे पिकाच्या पैशातून व्याज भरत राहायचे. खान्देशात असा व्यवहार कोणी केला असता तर पारावर बसणाऱ्यांनी त्याला मूर्खात काढले असते की अक्कलवान ठरवले असते, हे मला नक्की सांगता येणार नाही. मँचेस्टरच्या प्रेक्षकांनी मात्र 2010 साली लाल रंग बाजूला ठेवून हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले. ते रंग 1878 साली रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातील कामगारांनी काढलेल्या न्यूटन हीथ या मूळ संघाचे होते. रेल्वे कामगारांनी काढलेला संघ म्हटल्यावर भुसावळ जवळ असलेल्या माणसाला उगीचच आपलेपणा वाटतो. तोही संघ कर्जात बुडालेलाच होता, आणि 1902 साली जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या एका बिअर गाळणाऱ्या धनिकाने पैसे घातले तेव्हा कुठे त्याचे नाव मँचेस्टर युनायटेड झाले. म्हणजे मालकाच्या खिशाकडे पाहण्याची सवय त्या संघाला जन्मापासूनचीच आहे.

आकाशी जर्सीची बाजूही सरळ नाही. 2008 साली अबू धाबीच्या शेख मन्सूर यांच्या कंपनीने सिटी घेण्याच्या दहाच वर्षे आधी हा संघ इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. पुढे एवढी विजेतेपदे आली की कपाट कमी पडावे. फेब्रुवारी 2023 मध्ये प्रीमियर लीगने आर्थिक नियम मोडल्याचे शंभरावर आरोप त्यांच्यावर ठेवले. लाल जर्सीने ही गोष्ट काढताच आकाशी जर्सीने, आरोपांची संख्या मोठी असणे हेदेखील मोठेपणाचेच लक्षण आहे, अशा थाटात मान हलवली.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. मराठी मुलुखात मालक असलेला एक इंग्लिश क्लब आहे. कोंबड्यांचा धंदा करणाऱ्या पुण्याच्या वेंकीजवाल्यांनी 2010 साली 2 कोटी 30 लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याच्या पैशावर 1995 साली लीग जिंकलेला तो संघ, पण नव्या मालकांच्या हाती आल्यावर दीड वर्षात खालच्या श्रेणीत उतरला. ज्या सामन्यात ते ठरले त्यात चिडलेल्या प्रेक्षकांपैकी कोणीतरी क्लबचे निशाण पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. निषेधाला याहून नेमके प्रतीक मी पाहिलेले नाही. तर सांगायचे असे की मालक पुण्याचा असूनही ब्लॅकबर्नची जर्सी घातलेला एकही मुलगा मला जळगावात आजवर दिसलेला नाही. मालक आपल्यातला आहे याचे कोणाला काही नसते. मालक मोठा असावा लागतो, आणि तो जितका दूरचा तितका मोठा दिसतो.

'आमचा शेख', 'तुमचा मालक' हे शब्द ऐकता ऐकता मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन पोहोचलो.

आमच्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपत असे. त्या दिवशी घरोघरी घागर भरली जाई, सांजोऱ्या तळल्या जात, मुली झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणत आणि एरवी पत्त्यांना हात न लावणारी माणसेही त्या दिवशी उघडपणे डाव मांडीत. याच दिवशी जुना हिशेब मिटे आणि नवे साल ठरे. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत आठवडेच्या आठवडे चालते आणि पुष्कळदा शेवटी रक्कम जाहीर केली जात नाही. आमच्याकडचा व्यवहार एका दिवसात, ओट्यावर, चार माणसांदेखत होई. वर्षाचे रोख इतके, ज्वारी इतकी, एक घोंगडी, एक जोडा, आणि उचल हवी असल्यास ती किती. कोणता सालदार कोणाकडून उठून कोणाकडे गेला, याची चर्चा पुढे आठवडाभर पुरत असे.

आमच्या सालदाराला आम्ही मुले नाना म्हणत असू. आजोबा त्यांना अरेतुरे करीत, आम्ही अहोजाहो. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आखाजीच्या दुपारी मारुतीच्या पारावर नाना आणि शेजारच्या वाड्यावरचा सालदार यांच्यात जुंपलेली मला चांगली आठवते. आपापले मालक जेवून झोपले होते आणि हे दोघे त्यांच्या इस्टेटीवरून एकमेकांच्या अंगावर जात होते. आमचा बैलजोडा मोठा की त्यांचा, आमच्या विहिरीला पाणी जास्त की त्यांच्या, इथून सुरुवात होऊन गोष्ट घरातल्या दागिन्यांपर्यंत गेली. दोघांपैकी एकानेही ते दागिने कधी पाहिलेले असणे शक्य नव्हते. शेवटी तो दुसरा म्हणाला, "आमना मालकना घर दोन खोल्या भरीसन कापूस शे. तुन्हा मालक तं कर्जमा बुडेल शे."

हे खरे होते. विकास सोसायटीचे कर्ज आमच्यावर होते आणि गावात ते कोणापासून लपलेले नव्हते. मला वाटले, आता नाना गप्प बसतील. नानांनी तंबाखू मळणे थांबवले, पागोटे सारखे केले आणि पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "सोसायटी भिकारीले कर्ज देस का? आमना मालकनं कर्ज बी तुन्हा मालकना कापूसपेक्षा मोठं शे!"

पार हसला. माझी छाती मात्र फुगली. आमचे कर्ज गावात सर्वांत मोठे आहे, हे मी त्या संध्याकाळी झोक्यावरच्या मुलींनाही सांगून आलो आणि रात्री आईचा मार खाल्ला. रसवंतीवर लाल जर्सीवाल्याच्या तोंडून ऐकले ते हेच वाक्य होते.

दुसऱ्याच्या पैशाचा अभिमान बाळगून खरोखर लाभ झालेली माणसे मला एकाच गावात ठाऊक आहेत आणि ते गाव आमच्या तालुक्याचे. विप्रो 1945 साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून निघाली, आणि त्या काळी कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, घेऊन ते ट्रंकेत विसरलेल्या तिथल्या कुटुंबांचे पुढे काय झाले ते खान्देशात कोणाला सांगावे लागत नाही. आमच्या आजोबांना कारखानदारांवर विश्वास नव्हता. त्यांनी भाग न घेता म्हैस घेतली, आणि ती म्हैस चांगली होती एवढेच आम्ही आजवर एकमेकांना सांगत आलो आहोत.

असो. रसवंतीवरचा वाद एव्हाना मालकांच्या औदार्यावर आला होता. 2024 साली जिम रॅटक्लिफ या इंग्रज उद्योगपतीने युनायटेडचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग घेतला, आणि त्यानंतर काटकसरीच्या नावाखाली नोकरवर्ग कमी झाला, पाठोपाठ उरलेल्यांचे दुपारचे फुकट जेवण बंद होऊन त्याच्या जागी फळे आली. आकाशी जर्सीवाला यावर खदाखदा हसत होता. मला हसू आले नाही. आमच्या घरावर बोजा होता हे खरे, पण नानांची भाकरी शेतावर गेल्याशिवाय आजी आजोबांचे पान वाढत नसे. खेळाडूंच्या पगारावर कोट्यवधी पौंड ओतणाऱ्या घरात पंगतीतली भाकरी आधी उचलली जावी, हे तिच्या समजुतीत बसलेच नसते. लाल जर्सीवाला प्रथमच गप्प बसला होता. त्याला आपल्या मालकाची लाज वाटत होती की आपण अशा मालकाची बाजू घेतल्याची, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. जाताना रसाचे पैसे आकाशी जर्सीने दोघांचे दिले आणि दोघे एकाच मोटारसायकलवर बसून निघून गेले.

घरी आल्यावर मला झोप लागेना. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्या अजून आहेत. त्यांतली पारावरच्या त्या भांडणाच्या वर्षाची वही शोधून काढली. कापसाचा हिशेब, ढेपेचा हिशेब, सोसायटीचे हप्ते, आणि मग नानांचे पान. ज्वारी पोहोचली होती, घोंगडी दिली होती, जोडा दिला होता. रोख रकमेच्या रकान्यात मात्र आजोबांच्या बारीक मोडी वळणाच्या अक्षरात लिहिले होते: 'बाकी देणे 340, कापूस विकल्यावर'. खाली आखाजीची तिथी होती. म्हणजे ज्या दुपारी नाना पारावर आमच्या ऐपतीसाठी भांडत होते त्याच दिवसाची ती नोंद. हिशेब सकाळी झाला असेल तर हे त्यांना ठाऊक होते. संध्याकाळी झाला असेल तर ठाऊक नव्हते. वहीत वेळ लिहिलेली नाही.

नाना पुढे आणखी दोन साले आमच्याकडे होते. दोन्ही वर्षांच्या वह्या मी पानन् पान चाळल्या. ते 340 रुपये दिल्याची नोंद मला कुठेही सापडली नाही.