आमची वाटचाल : गोकुळ शिरगावातलं स्टार्चचं युनिट

आमच्या घरात आधी फक्त ट्रेडिंग होतं, वडील इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांना (विणायच्या आधी सुताला खळ लावणाऱ्यांना) मक्याचा स्टार्च पोचवायचे. साधा स्टार्च शिजवून गार झाला की त्यातल्या अ‍ॅमायलोजच्या साखळ्या (ग्लुकोजच्या लांब माळा) परत एकमेकींना चिकटतात आणि खळ घट्ट होते, म्हणून पार्ट्या अ‍ॅसिटिलेटेड माल, म्हणजे अ‍ॅसिटिल ग्रुप जोडून हे चिकटणं कमी केलेला स्टार्च, मागायला लागल्या. आम्ही दोन ठिकाणनं माल आणायचो, रिपोर्टवर अ‍ॅसिटिल टक्का सेम, पण मशीन थोडा वेळ थांबलं की एकाची खळ पातळ राहायची आणि दुसऱ्याची मशीनच्या खळीच्या बॉक्समध्येच जमायची. टक्का सेम असून असं का होतंय हे शोधता शोधता मी मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आलो.

उत्तर असं आहे बघा. ग्लुकोजच्या प्रत्येक रिंगवर २, ३ आणि ६ नंबरला ओएच असतात, अ‍ॅसिटिल ग्रुप तिथंच बसतात, म्हणजे डीएस (एका ग्लुकोजमागं सरासरी किती ग्रुप बसले तो आकडा) जास्तीत जास्त ३. आपला माल ०.०५ च्या आसपास, वीस ग्लुकोजमागं एक ग्रुप, पण ही झाली सरासरी! ते ग्रुप साखळीभर पसरलेत की एकाच भागात गर्दी करून बसलेत हे टायट्रेशनला, म्हणजे टक्का मोजायच्या टेस्टला, कळतच नाही. अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड हे ग्रुप जोडणारं केमिकल इतकं फास्ट रिअ‍ॅक्ट होतं की स्टार्चच्या दाण्याच्या बाहेरच्या थरातच बरंचसं संपतं, आतला भाग कोराच राहतो, आणि बारीक दाण्यांना मोठ्यांपेक्षा जास्त मिळतं. विनाइल अ‍ॅसिटेट हे दुसरं केमिकल हळू चालतं, आतपर्यंत पोचतं, वाटणी जास्त सारखी होते, पण त्यातनं अ‍ॅसिटाल्डिहाइड निघतं, ते अंगाला घातक, माझ्या शेडमध्ये पोरं काम करतात त्यामुळं ते मी घेतलं नाही. अ‍ॅनहायड्राइडच, पण बारीक धारेनं, सोबत थोडा थोडा कॉस्टिक सोडा टाकत पीएच ८ च्या जवळ धरायचा आणि स्लरी (पाण्यात कालवलेला स्टार्च) गार ठेवायची. उन्हाळ्यात हे लई जपावं लागतं.

चेक करायला आम्ही अ‍ॅमायलेज एन्झाइम वापरतो. ग्रुप जिथं बसलेत तिथं एन्झाइमला साखळी कापता येत नाही, त्यामुळं डीएस सेम असला तरी किती पचलं आणि केवढे तुकडे उरले यावरनं वाटणीचा अंदाज येतो. प्रोसेस हाऊसला डिसायझिंगमध्ये (कापडावरची खळ काढताना) हेच एन्झाइम लागतं, म्हणून ही टेस्ट मला नुसत्या टक्क्याच्या रिपोर्टपेक्षा मोलाची वाटते.

आता अ‍ॅसिटिलऐवजी हायड्रॉक्सीप्रोपिल ग्रुप जोडलेला स्टार्च करायची इच्छा आहे. त्याला लागणारं प्रॉपिलीन ऑक्साइड सावकाश आत मुरतं आणि बहुतेक २ नंबरवर बसतं, पण ते फार ज्वलनशील, बंद रिअ‍ॅक्टर आणि नायट्रोजनची सोय पाहिजेच, तेवढं भांडवल उभं करणं चाललंय.