ओरिजिनल जीप आणि आरसीवरचं डिझेल

महिंद्राची सीजे-३बी, १९६८ ची नोंदणी, उंच बॉनेट, पुढच्या जाळीला सात फटी, चाकं ६.००-१६ ची. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याकडे एका शेडमध्ये ती विक्रीला उभी होती. मागणी साडेपाच लाख, आणि वर्णन एका ओळीचं : ‘पूर्ण रिस्टोर, ओरिजिनल पेट्रोल’. घेणारे पाटील, कन्नड तालुक्यातले शेतकरी. मला तपासायला नेताना एवढंच म्हणाले, “मिस्त्री, रंगाचं राहू द्या. पोटात काय हाय ते सांगा.”

इंजिन आधी चालू करून ठेवू नका, असं फोनवरच कळवलं होतं. गरम इंजिन पटकन सुरू होतं आणि बरंच काही झाकतं. बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. विकणारा माणूस सरळ आहे, हे तिथंच लक्षात आलं.

सुरुवात पत्र्यापासून केली. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दाराची चौकट, मडगार्डाचे काठ आणि मागचे कोपरे यांवरून फिरवला. जिथं पकड सैल पडते तिथं पुट्टी जाड असते. इथं फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात हातभर जागेत पकड सैल होती. पण या गाडीचा गंज बाहेरून दिसत नाही. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी बसते, त्या टाकीखालचा खळगा, शेजारच्या सीटखालची हत्यारांची पेटी आणि फ्लोअरला खालून जोडलेले टोपीच्या आकाराचे आडवे पत्रे, या जागा आधी खातात. आपली काळी माती तिथं शिरली की महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते, वरून ऊन कितीही असो. शेतात वापरलेल्या जीपचे हे पत्रे मला क्वचितच शाबूत सापडतात. इथं ते नव्यानं घडवून घातलेले होते आणि पाणी निघायची भोकंही ठेवली होती. रिस्टोर करणाऱ्यानं हे काम मनापासून केलं होतं.

मग चॅसिसवर कोरलेला नंबर वाचला. आरसीशी जुळला. इंजिनाचा नंबर या मॉडेलला ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, पाण्याच्या पंपाच्या बैठकीवर असतो. तिथली ग्रीस पुसून तो लिहून घेतला आणि आरसी शेजारी धरली. नंबर वेगळा. इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल’.

इंजिन तर समोर होतं ते पेट्रोलचंच, विलीस या मूळ अमेरिकी जीप कंपनीचं एफ-हेड. १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर. इनटेकचे वॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, आणि म्हणूनच बॉनेट उंच. ओरिजिनल या शब्दाला ते शंभर टक्के पात्र होतं. कागद मात्र दुसऱ्याच गाडीचे वाटत होते.

खुलासा विकणाऱ्यानंच केला. मूळ गाडी पेट्रोलची. आधीच्या मालकानं डिझेल इंजिन बसवलं आणि आरटीओत तशी नोंदही करून घेतली. पेट्रोल परवडेना म्हणून मराठवाड्यात त्या काळी किती तरी जीपा अशा डिझेल झाल्या. याच्याकडे गाडी आली ती डिझेलच. यानं भंगारवाल्याकडून एफ-हेड शोधून आणलं, पूर्ण उघडून बांधलं आणि गाडीला तिचं मूळ रूप दिलं. नोंद मात्र बदलायची राहिली. “दादा, मी तर ओरिजिनलच केली की,” तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांना धरून चालतं. इंजिन बदललं, इंधन बदललं, तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवीच. गाडी मूळ रूपात परत नेली तरी त्यातून सुटका नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हा नंबरही पडताळते.

सौदा तिथं थांबवला नाही, कारण गाडी तेवढी चांगली होती.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिलं. या इंजिनाचं पुस्तकी माप १२० ते १३० पीएसआय. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो. चारही सिलिंडर ११० ते ११६ मध्ये होते. आपसातला फरक दहाच्या आत असणं मला आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं. टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह उचलणाऱ्या भागाजवळची, फट थंड इंजिनावर इनटेक १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्ट १६ थाऊ. वरचे सगळेच सेट करतात. खालचे एक्झॉस्टचे राहून जातात, कारण त्यांचं झाकण मॅनिफोल्डच्या आड असतं आणि हात अडकतो. ते घट्ट राहिले की वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कडा जळते. झाकण काढून फट मोजायचा फिलर गेज घातला, चारही बरोबर.

गाडीखाली शिरलो तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, मागं प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो. ट्रान्सफरचं मागचं ऑइल सील गळलं की तेल थेट त्या ब्रेकच्या लायनरवर जातं. ड्रम उघडला, लायनर काळे आणि चिकट. दुसरं, गिअरबॉक्सचा लेव्हल बोल्ट काढला तर तेल बोटाला लागेना, आणि ट्रान्सफरचा बोल्ट सैल करताच तेल बाहेर वाहिलं. मधल्या बेअरिंगवाटे एकातलं तेल दुसऱ्यात जात होतं. अशा वेळी वरून तेल घालत राहिलात तर गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि ट्रान्सफर सीलमधून ओकत राहतो. दोन्ही गळत्या एकाच दुखण्याच्या.

पुढची चाकं जॅकवर घेऊन हलवली. ज्यांवर पुढची चाकं वळतात ते किंगपिन घट्ट होते, शिम (पातळ चकत्या) नीट बसवलेल्या. सैल असत्या तर ताशी चाळीस-पन्नासला स्टिअरिंग हातात थरथरलं असतं. स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणाऱ्या मधल्या बेल क्रँकला मात्र ढिलाई होती, बुश आणि पिन मागणारी. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे होते. हे पंक्चरवाल्याला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो पाइप लावून स्टड तोडतो.

रस्त्यावरची चाचणी दौलताबादच्या घाटात घेतली. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, सर्किट एकच. एक पाइप फुटला तर चारही ब्रेक गेले. म्हणून उतारावर जाण्याआधी सपाटीला पेडल मिनिटभर दाबून धरलं. खाली सरकलं नाही. चढताना ऑइल प्रेशर तीसच्या वर राहिलं, पाणीही उकळलं नाही. उतरताना दुसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला, हात लिव्हरवरून काढला, आणि लिव्हर टक्कन न्यूट्रलला आली. परत लावला, परत आली. या जीपच्या टी-९० गिअरबॉक्सची ही जुनी खोड आहे. मेन शाफ्टचं ते मधलं बेअरिंग झिजलं, गिअरला पुढंमागं ढिलाई आली की इंजिनाच्या ओढीनं दुसरा सुटतो. घाटात तो सुटला की सगळा भार त्या एका सर्किटच्या ब्रेकवर येतो. तेल उतरणं आणि गिअर सुटणं, दोन्ही त्याच बेअरिंगकडे बोट दाखवत होते.

फोर व्हील डांबरावर लावली नाही. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारं डिफरेन्शियल मधे नाही, कोरड्या सडकेवर शाफ्ट पिळले जातात. परतीला एका नांगरलेल्या रानात, मालकाला विचारून, लो रेंज लावली. आवाज साफ होता.

विकणाऱ्यानं एक मार्ग सुचवला, गाडी व्हिंटेजमध्ये नोंदवू. ५० वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी ती सोय दिली आहे, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच. पाटलांना ती कन्नडच्या रानात न्यायची होती. आणि इंजिनाचा घोळ तिथंही विचारला गेलाच असता.

ठरलं ते असं. इंजिनाची आणि इंधनाची नोंद विकणाऱ्यानं स्वतःच्या नावावर असतानाच दुरुस्त करायची, त्यासाठी भंगारवाल्याचं इंजिन नंबर घातलेलं बिल त्याच्याकडे जपलेलं होतं. त्यानंतरच मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. तोवर फक्त टोकन, तेही कागदावर अट लिहून. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर एकत्र उतरवून मधलं बेअरिंग, सील, ट्रान्सफरच्या मधल्या गिअरचा शाफ्ट पाहायचा, हँडब्रेकचे लायनर आणि बेल क्रँकचं बुश बदलायचं, ही रक्कम किमतीतून वजा. तेल भरताना जीएल-४ दर्जाचं ९० नंबरच, कारण जीएल-५ गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतं.