तुम्ही विचारलंत म्हणून: राजाबाईंना टोले ऐकू येत होते का?

मुंबईच्या फोर्टात पाहुण्यांना घेऊन गेलं आणि युनिव्हर्सिटीचा घड्याळाचा मनोरा, म्हणजे राजाबाई टॉवर, दिसला की प्रश्न ठरलेला असतो. "शेठजींची आई आंधळी होती ना? तिला दिवस मावळायच्या आत जेवायची वेळ कळावी म्हणून हा बांधला, खरं का?" तुम्हीही तेच विचारलंत. खरं सांगायचं तर गोष्ट गोड आहे, पण मला ती पटत नाही.

शेठजी म्हणजे टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद, राजाबाई त्यांची आई. घराणं जैन. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचं, हा चौविहाराचा नेम घरात असणारच. पण सूर्यास्त काही घड्याळाला बांधलेला नसतो. नोव्हेंबरअखेर आणि जुलैची सुरुवात यांत मुंबईचा सूर्यास्त सव्वा तासाहून जास्त पुढेमागे होतो. सहाचे टोले मोजून आंधळ्या माणसाला काय कळणार? शेजारी बसलेल्या सुनेनं "आई, चला, पान वाढलंय" म्हटलं की काम भागतं. शिवाय शेठजींचा बंगला भायखळ्याला, घंटा फोर्टात. आणि सगळ्यात मोठी अडचण तारखांची. पैसे दिले 1864 साली, टॉवर उभा राहिला 1878 साली. जेवायची वेळ कळायला चौदा वर्षं?

पैशांची कथा मात्र खरी आणि जास्त रंगतदार आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद त्या तेजीचे राजे. बॅक बेमध्ये भराव घालायच्या कंपनीचे शेअर काय, बँका काय, सगळीकडे त्यांचा शब्द चालायचा. ऐन भरात त्यांनी युनिव्हर्सिटीला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख, आणि मनोऱ्याला आईचं नाव द्यावं असं सांगितलं. 1865 साली युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजार बसला आणि शेठजींचं दिवाळं निघालं. पायाचा दगड बसला 1 मार्च 1869 रोजी. म्हणजे देणगी दिली तेव्हा ते शहरातले सर्वांत मातब्बर, आणि बांधकाम सुरू झालं तेव्हा घेणेकरी दारात येऊन गेलेले. दिलेला पैसा आधीच युनिव्हर्सिटीकडे होता म्हणून आईचं नाव वाचलं, असं मी म्हणेन.

नकाशे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून काढले. मुंबईत ते कधी आलेच नाहीत. उंची 280 फूट. पण तुम्ही नुसतं घड्याळ बघू नका, मान आणखी वर करा. कोनाड्यांत दगडी माणसं उभी आहेत, पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातींचे नमुने म्हणून घडवलेली, एकूण 24. पगडी, फेटा, अंगरखा, सगळं नीट कोरलंय. गॉथिक चर्चमध्ये संत उभे असतात तसे इथे आपले लोक. ओव्हलवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना ते रोज वरून बघतात, पोरांना पत्ता नाही.

आणि हे घड्याळ एकदा सरकारशी भांडलं आहे, ते कोणी विचारत नाही. त्या काळी मुंबईची स्वतःची वेळ होती, मुंबई टाइम. रेल्वे मात्र मद्रास टाइमवर चालायची, अर्धा तास पुढे. 1881 साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लावला. शहर चिडलं. टॉवरच्या तबकडीवर रात्री दिवे लावायचा खर्च सरकारकडे मागितला गेला, तर सरकारची अट अशी की घड्याळ मद्रास टाइम दाखवणार असेल तर पैसे. युनिव्हर्सिटीच्या सेनेटनं मुंबई टाइमच्याच बाजूनं कौल दिला. 1883 साली सरकारनंच माघार घेतली.

भांडण तिथे मिटलं नाही. 1 जानेवारी 1906 पासून आजची प्रमाणवेळ आली, मुंबई टाइमच्या 39 मिनिटं पुढे. गिरणी कामगारांचं म्हणणं सरळ होतं: भोंगा तेवढा आधी वाजणार, म्हणजे झोप आमचीच जाणार. त्याच महिन्यात ते कामावरून बाहेर पडले. महापालिकेनं आपली घड्याळं पुन्हा मुंबई टाइमवर नेली आणि कित्येक वर्षं तशीच ठेवली. अगदी स्वातंत्र्य मिळाल्यावरसुद्धा! हट्ट म्हणावा तर असा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वर जाता येतं का. नाही. वरून उड्या घेऊन जीव दिल्याच्या घटना घडल्या, त्यामुळे जिना लोकांसाठी बंद आहे. पूर्वी घंटा सोळा वेगवेगळ्या धून वाजवायच्या, त्यांत 'गॉड सेव्ह द किंग'सुद्धा होतं. आता दर पंधरा मिनिटांनी एकच वाजते. ऐकायची असेल तर रविवारी सकाळी या. एरवी बसचे हॉर्न जिंकतात.