श्रीरंगपट्टणचा पूल, ज्याला मी पूर्णय्यांचा म्हणते

म्हैसूरचा राजवाडा पाहिला, वृंदावन बागेत गर्दीचे धक्के खाल्ले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय श्रीरंगपट्टणच्या पुलाबद्दल. तिथं यायला रिक्षावाला तयारच नव्हता. दर्या दौलत हा टिपूचा उन्हाळी महाल, गुंबज ही त्याची कबर आणि नदीचा संगम, एवढंच त्याचं ठरलेलं. "पुलावर काय बघणार, मॅडम?" मी हट्टच धरला.

कावेरीच्या उत्तरेकडच्या फाट्यावर हा वेलस्ली पूल आहे, 1804 सालचा. त्याला कमान एकही नाही. पात्रात रोवलेले दगडी खांब, त्यांच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पुढे आलेले हस्त, म्हणजे आधाराचे दगड, आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या दगडी तुळया. एखाद्या हेमाडपंती देवळाचा सभामंडप कुणी नदीत लांबवत नेला असावा, तसा दिसतो. 1924 चा कावेरीचा महापूरही त्यानं सोसला. काठावर उतरून खालून त्या तुळया पाहताना मला तिथून हलवेना.

या गावाचं सगळं बळ पाण्यात होतं. किल्ला बेटावर, चहूकडून कावेरी. 1792 मध्ये इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसबरोबर आपले मराठी सरदार हरिपंत फडकेही इथं वेढ्याला होते. तेव्हा टिपूला निम्मं राज्य द्यावं लागलं. 1799 मध्ये नदी फुगण्याआधीच किल्ला घ्यायची इंग्रजांना घाई होती. 4 मे रोजी भर दुपारी उथळ पाण्यातून सैनिक पलीकडे गेले, तटाच्या खिंडारातून आत घुसले आणि संध्याकाळपर्यंत टिपू मारला गेला.

त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत हा पूल झाला, तोही पूर्णय्यांच्या देखरेखीखाली. पूर्णय्या टिपूचे मंत्री. टिपूनंतर ते म्हैसूरचे लहानगे राजे कृष्णराज वडियार यांचे दिवाण झाले. आणि पुलाला नाव मिळालं ते गव्हर्नर जनरल वेलस्लीचं, ज्याच्या हुकमानं ही लढाई झाली त्याचं. मला ते फार खुपलं. पुलाला हे नाव देताना पूर्णय्यांना काय वाटलं असेल, याचा मी परतीच्या वाटेवर विचार करत होते. राज्य टिकवायचं तर सत्तेपुढे वाकावं लागतं, हे त्यांनी ओळखलं असणार. तरी माझ्या लेखी हा पूल पूर्णय्यांचाच.

जाणार असाल तर पाणी ओसरल्यावर जा. खांबांची रचना खालूनच नीट कळते. रिक्षा ठरवतानाच पुलाचं बोलून घ्या आणि दर्या दौलतच्या आधी तिथं जा, दुपारी तो दगड भयंकर तापतो.