पट्टी बरोबर, पाणी चूक

दिवाळी पाडव्याला सकाळी साडेसातला फोन आला. कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या एका बंगल्याचे मालक. एरवी 'काय म्हणता दादा'नं सुरुवात करणारा माणूस, त्या दिवशी थेट म्हणाला, "टबात काय टाकलंयसा? तिन्ही पोरांच्या अंगावर पुरळ उठलंय."

स्विमिंग पूल आणि हॉट टबांचं पाणी सांभाळणं हा माझा धंदा. हा टब गरम पाण्याचा, १,२०० लिटरचा, मागच्या व्हरांड्यात, वर झाकण. रोज रात्री मोटार चालू करून चहाचा एक चमचा डायक्लोर, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकायची, एवढं घरच्यांना शिकवलेलं, आणि आठवड्याला माझी एक फेरी. वर्षभरात तक्रार नव्हती.

किटची पेटी आणि हाताखालच्या पोराला घेऊन पोचलो. धाकट्यानं शर्ट वर केला. बारीक लाल फोड, काहींच्या टोकाला पू. तोंड, मान साफ; सगळा मामला चड्डीच्या आत आणि कडेनं, म्हणजे ओलं कापड जिथं अंगाला चिकटून राहतं तिथं. त्वचेच्या डॉक्टरांनी फोटो बघून आदल्या रात्रीच सांगितलेलं, टबाच्या पाण्याचं पुरळ दिसतंय, स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं. बहुतेक आपोआप जाईल, पण पाण्याचं बघा.

पाणी तपासायची पट्टी बुडवली. मोकळं क्लोरीन ४ पीपीएम, म्हणजे लिटरला ४ मिलिग्रॅम, पीएच ७.६. टबाला क्लोरीन किमान ३ लागतं आणि पीएच ७.० ते ७.८ मध्ये असावा. म्हणजे सगळं जागच्या जागी. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पट्टी मालकांपुढं धरली आणि म्हटलं, "बघा, पाणी चोख आहे."

मग आजींकडून कळलं. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांनी तेल-उटणं लावलं, कारिट फोडलं आणि आंघोळीला न्हाणीघरात न जाता थेट टबात. पाच जणं. मी टबाच्या कडेवर अंगठा फिरवला, पाण्याच्या रेषेवर पिवळसर चिकट कडं. फिल्टर काढला तर घड्यांत उटणं बसलेलं, चण्याचं पीठ भिजवून ठेवावं तसं. मिळाला गुन्हेगार! मी तेलावर भाषणच सुरू केलं. तेल, उटणं, घाम, सगळं क्लोरीनला खातं, त्यात पाणी ३८ अंशांचं, मग जंतूंना रान मोकळं...

आजी म्हणाल्या, "आरं, तेलाबिगर दिवाळीची आंघोळ व्हय रं?"

आणि माझा हाताखालचा पोरगा हळूच म्हणाला, "दादा, पण तेलानं क्लोरीन खाल्लं असतं, तर पट्टीवर चार कसं आलं? आणि चार असताना जंतू जगले कसे?"

बारावी नापास पोरगं. मी गप्प झालो.

पेटीच्या तळाशी एक नळी असते, तळाला काळा ठिपका असलेली. सायन्युरिक ॲसिड मोजायची. आळसानं मी ती महिनोन् महिने काढत नाही, माझ्या पट्टीवर त्याचा चौकोनही नाही. पाण्यात औषध मिसळलं की ते दुधाळ होतं. नळीत ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. नळीत जेवढं कमी भरलं, आकडा तेवढा मोठा. मी ओतायला घेतलं आणि पहिल्या खुणेलाच ठिपका गेला, वरून पातळ पांढरा रस्सा ओतल्यासारखा. पहिली खूण १०० ची. अर्धं साधं पाणी घालून पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. एक भाग टबाचं आणि तीन भाग साधं पाणी केल्यावर ६० आलं. म्हणजे मूळ पाण्यात चौपट, २४०.

डायक्लोर पावडरीतनं १० पीपीएम क्लोरीन गेलं, की ९ पीपीएम सायन्युरिक ॲसिड सोबत जातं. क्लोरीन कामी येऊन संपतं, हे मात्र मागं साठत राहतं. पाणी बदलल्याशिवाय जात नाही. उघड्या पूलमध्ये ते थोडं हवंच, उन्हापासून क्लोरीन वाचवतं. झाकणाखालच्या टबाला कुठलं ऊन? तिथं ते क्लोरीनला धरून ठेवतं. पट्टीला धरलेलं आणि सुटं यातला फरक कळत नाही, ती दोन्ही मोजते आणि चार दाखवते. जंतूंशी लढायला प्रत्यक्षात त्यातलं अगदी थोडं सुटं असतं.

हिशेब तिथंच बोटांवर केला. रोजचं ३ पीपीएम क्लोरीन म्हणजे २.७ ॲसिड, नव्वद दिवसांत २४३. पाणी भरलेलं श्रावणात. गणपतीनंतर बदलायचं ठरलं होतं. मग नळाला पाणी कमी, मग नवरात्र, मग मीच म्हणालेलो, 'दिवाळीनंतर बघू, पाणी चांगलंय.' तेलानं आगीत तेल ओतलं हे खरं, पण आग माझी होती.

मालकांना हे सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पाइप साफ करायचं औषध घालून जेट तासभर चालवले. फेस आला आणि फेसावर करड्या रंगाचे बुळबुळीत पापुद्रे. जंतू पाइपात अशा बुळबुळीखाली दडून बसतात, वरच्या क्लोरीनला सापडत नाहीत. मोठी सूनबाई ते बघून आत निघून गेल्या. सगळं पाणी सोडलं, टब घासला. फिल्टरला आधी तेल काढणारं औषध, क्षार काढायचं ॲसिड नंतर. उलटं केलं तर तेल घड्यांत पक्कं बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नळाला भरून घेतलं आणि सुरुवातीलाच १० पीपीएमपर्यंत क्लोरीन चढवलं. पावडर बंद. आता १० टक्क्यांचं हायपो, म्हणजे पातळ क्लोरीन, रोज साधारण ३५ मिली. त्यानं पीएच वर सरकतो, त्याची वेगळी कटकट आहे, पण मागं सायन्युरिक ॲसिड साठत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख लिहिली. पैसे घेतले नाहीत.

आठवड्यानं गेलो तेव्हा पोरांचं पुरळ वाळलेलं. आजींनी करंज्या पुढं केल्या. म्हटलं, "आजी, पुढल्या दिवाळीला तेल-उटणं न्हाणीत धुवायचं, स्वच्छ आंघोळ करायची, मगच टबात बसायचं."

"आंघोळ झाल्यावर परत पाण्यात कशाला बसायचं रं?"